पन्नास हजारांचा कन्सोल, चार आण्यांचं दुखणं

पाऊस अजून समुद्रावरच असतो, तेव्हा आमच्या शिरोड्यात त्याची खबर सगळ्यात आधी मिठाच्या बरणीला लागते. झाकण कितीही घट्ट लावा, मे संपता संपता मीठ दमट होतं, मग त्याचा गोळा होतो आणि मृग सरेपर्यंत बरणीच्या बुडाशी चमचाभर पाणी साचतं. आई म्हणते, "मीठ रडूक लागला." मी बरणीकडे बघतो आणि मला माडीवरचे कन्सोल आठवतात.

शिरोडं म्हणजे वेंगुर्ले तालुक्यातलं, मिठागरांचं. 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला तेच. दिवसा मी एका पतपेढीत खाती लिहितो आणि रात्री व्हिडिओ गेमचे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं, खोलतो. खेळतोही, पण खेळण्यापेक्षा खोलण्यात जास्त रस, हे कबूल करतो. गावातली पोरं, गणपतीला येणारे चाकरमानी, सावंतवाडी-कुडाळकडचे दोन-चार ओळखीचे, असे सगळे बिघडलेली मशीनं आणून टाकतात. पैसे घेत नाही. कोणी फणस देतं, कोणी पुढच्या वर्षी आणखी एक बिघडलेलं मशीन देतं.

नवा कन्सोल घेणारा हमखास विचारतो, "टेराफ्लॉप किती?" म्हणजे चित्राची चिप सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी करते. सोनीच्या प्लेस्टेशन 5 चे 10.28, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सचे 12. यावरून पोरं भांडतात. मला या भांडणात पडायचं नाही, कारण माझ्या टेबलावर आलेला एकही कन्सोल टेराफ्लॉप कमी पडले म्हणून मेलेला नाही. सगळे मेले ते कुठल्या तरी क्षुल्लक भागापायी. घासलेली पट्टी, गळलेला कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग), गंजलेली पिन, चिपची उष्णता पुढे नेणारी पण वाळून भुगा झालेली पेस्ट. भारतात 2021 च्या फेब्रुवारीत प्लेस्टेशन 5 आला तेव्हा डिस्कवाल्या मशीनची किंमत 49,990 रुपये होती. असल्या मशीनचा जीव अडकलेला असतो तो चार आण्यांच्या भागात.

इथे एक फरक आधीच करून ठेवतो. उणीव वेगळी, दोष वेगळा. पहिला प्लेस्टेशन डिसेंबर 1994 मध्ये जपानात आला. त्यातल्या भिंती चालताना थरथरतात, फरशीच्या रेषा वाकड्या होतात. कारण त्याच्या चित्राच्या चिपला कोपऱ्याचा बिंदू पूर्ण आकड्यातच कळायचा. साडेतीन पिक्सेलवरचा बिंदू तीनवर नाहीतर चारवर जाऊन बसायचा. शिवाय कुठली वस्तू किती लांब आहे याची नोंद ती पिक्सेलगणिक ठेवत नसे. ही झाली उणीव. त्या किमतीत, त्या साली, एवढंच जमलं. आज तीच थरथर जुनी आठवण म्हणून लोक मुद्दाम नव्या गेममध्ये घालतात. त्याच प्लेस्टेशनच्या सुरुवातीच्या मशीनमध्ये डिस्क वाचणारं लेझरचं डोकं प्लास्टिकच्या रुळावरून सरकायचं, आणि तेही गरम होणाऱ्या पॉवर सप्लायच्या जवळ. रूळ झिजला की डोकं तिरकं बसायचं आणि गेममधला सिनेमा अडखळायचा. मग लोक कन्सोल चक्क उलटा ठेवून खेळायचे. हा झाला दोष. सोनीने पुढच्या मशीनमध्ये लेझरची जागा बदलली. मी बोलणार आहे ते दोषांबद्दल.

आता मिठाकडे येतो, कारण आमच्याकडे सगळ्या दोषांचा बाप तोच.

हवेत किती पाणी मावू शकतं आणि त्यातलं प्रत्यक्ष किती आहे, या प्रमाणाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. ती 75 टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्या पाण्यात स्वतःच विरघळतं. मिठागरातल्या जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं आणि ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा नव्वदीच्या घरात असते. म्हणून बरणी रडते.

कन्सोलच्या पोटात पंखा असतो. तो खोलीतली हवा ओढतो, हीटसिंकवरून फिरवतो आणि मागून बाहेर टाकतो. हीटसिंक म्हणजे चिपवर बसवलेला धातूच्या पातळ पात्यांचा कंगवा. खोलीतल्या हवेत धूळ असते आणि समुद्राकाठच्या धुळीत मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात. उन्हाळाभर ते बोर्डावर येऊन बसतात आणि कोरडे असेपर्यंत काही करत नाहीत. पाऊस आला की त्यांचं खारं पाणी होतं. डोळ्यांना न दिसणारा, केसाहून पातळ असा थर. साधं पाणी वीज फारशी वाहून नेत नाही, खारं पाणी नेतं. बोर्डावर तांब्याच्या दोन रेघा शेजारी शेजारी आहेत, एकीत 5 व्होल्ट, दुसरीत शून्य, आणि मध्ये हे खारं पाणी. मग तांबं एका रेघेतून विरघळून दुसऱ्या रेघेकडे सरकतं, मधल्या वाटेवर धाग्यासारखं वाढत जातं आणि एक दिवस दोन्ही रेघा जोडून टाकतं. बोर्डावर हिरवा नाहीतर काळा लेप असतो, तो बऱ्यापैकी राखण करतो. पण जोडाच्या पिना, स्क्रूची भोकं, टीव्हीची वायर लावायच्या एचडीएमआयच्या तोंडातल्या 19 बारीक पिना उघड्याच असतात. रोग शिरतो तो तिथून.

गेल्या वर्षी चतुर्थीला मुंबईच्या एका चुलतभावाचा कन्सोल उघडला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण बिचाऱ्या कंपनीने तो शिरोड्यासाठी बनवलाच नव्हता. भावाने दोन पावसाळ्यांपूर्वी तो इथे ठेवला होता आणि वर्षातून दहा दिवस वापरायचा. वरचं झाकण काढलं. हीटसिंकच्या पात्यांत राखाडी रंगाचा गच्च गोधडा बसला होता, नारळाच्या सोडणातला काथ्या पिंजून भरावा तसा. चिमट्याने ओढला तर अखंड निघाला. आतल्या पत्र्याचे स्क्रू तांबूस झाले होते, दोघांची तर डोकीच उडाली. आणि पॉवरच्या जोडापाशी हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड. आई चहा घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "मेल्या, ह्येच्यात मीठ खयसून इला?" मी खिडकीकडे बोट दाखवलं.

यात एक गंमत आहे. चालू कन्सोलपेक्षा बंद कन्सोलला ओल जास्त बाधते. हवा दहा-अकरा अंशांनी तापली की तिची सापेक्ष आर्द्रता जवळजवळ निम्मी होते. बाहेर 90 टक्के असली तर गरम मशीनच्या पोटात 45-50 भरते, म्हणजे मिठाच्या त्या 75 च्या रेषेच्या बरीच खाली. मशीन चालू आहे तोवर मीठ कोरडं राहतं. बंद करून कपाटात ठेवलं की हळूहळू थंड होतं आणि मीठ पुन्हा पाझरतं. भावाने वर्षातले 355 दिवस नेमकं तेच केलं होतं.

ओलीनंतर उष्णता. इथलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे एक्सबॉक्स 360. नोव्हेंबर 2005 मध्ये बाजारात आला आणि थोड्याच काळात लोकांच्या घरी पुढच्या बटणाभोवती तीन लाल दिवे लागून बंद पडायला लागला. जुलै 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. असं का झालं हे समजायला आमच्या पडवीवरचा पत्रा पुरे. दुपारी ऊन तापलं की पत्रा तड् तड् वाजतो, संध्याकाळी निवताना पुन्हा वाजतो. पत्रा उन्हाने जास्त पसरतो, खालचा लाकडी वासा कमी. दोघांना एका स्क्रूने बांधलेलं. रोजच्या या ओढाताणीत स्क्रूचं भोक मोठं होतं आणि जूनमध्ये नेमकं तिथूनच गळतं. चिपचंही तसंच. सिलिकॉन उष्णतेने फार थोडं पसरतं, ते ज्या पाटीवर बसवलेलं असतं ती चार-पाच पट पसरते. मधे सोल्डरचे, म्हणजे जोडकामासाठी वितळवलेल्या धातूचे, बारीक मणी. खेळायला बसलात, चिप तापली, ताण आला. उठलात, निवली, उलटा ताण आला. असं शेकडो वेळा झाल्यावर मणी तडकतो.

लोक वर्षानुवर्षं दोष देत राहिले तो चिप आणि मोठ्या बोर्डाच्या मधल्या सोल्डरला. युरोपात जुलै 2006 पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर बंधनं आली, त्याच सुमारास सगळे कारखाने बिनशिशाच्या सोल्डरकडे वळले, तेव्हा ते कारण सोयीचंही होतं. पण 2021 साली मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगितलं की तुटत होते ते चिपच्या डब्याच्या आतले जोड, आणि तुटण्याचं कारण पुन्हा पुन्हा चालू-बंद होण्यातली तापणं-निवणं. म्हणजे खाली बाहेरून कितीही सोल्डर केलंत तरी मोडलेलं हाड वेगळंच होतं. त्या काळात एक उपाय फार चालायचा. बंद पडलेलं मशीन टॉवेलात गुंडाळायचं आणि चालू करून वीस मिनिटं तापू द्यायचं. मशीन उठायचं! धातू पसरून तडकलेला मणी तात्पुरता टेकायचा. दोन दिवसांनी पुन्हा लाल दिवे. आजही काही दुकानांत हॉट एअरने चिप भाजून हजार-दीड हजार घेतात. मी त्याला दुरुस्ती म्हणत नाही, तापात घोंगडं पांघरून घाम काढण्यातला प्रकार आहे तो.

प्लेस्टेशन 5 मध्ये सोनीने उष्णतेचा विचार जास्त मन लावून केलेला दिसतो. त्यातला पंखा 120 मिलिमीटर व्यासाचा आणि 45 मिलिमीटर जाड आहे. चिप आणि हीटसिंकच्या मध्ये नेहमीच्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे, जो उष्णता फार झपाट्याने नेतो. धूळ साचायला वेगळे कप्पे दिले आहेत आणि वरचं कवच काढून ती धूळ व्हॅक्यूमने ओढता येते. हे कप्पे बघून मला इतका आनंद झाला की मी भावाला फोन केला होता. पण मशीन वापरण्याचं तापमान मॅन्युअलमध्ये 5 ते 35 अंश दिलंय. एप्रिल-मेमध्ये आमच्या माडीवर, कौलांच्या खाली, दुपारी तीन वाजता 35 कुठे राहतं? आणि तो द्रवरूप धातू घरी उघडायच्या भानगडीत पडू नका. तो वीजवाहक आहे, एक थेंब बोर्डावर सांडला की संपलं. माझ्यासारख्या हौशी माणसाने जिथे हात आखडावा अशी ती एक जागा.

आता कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायचा भाग. आरवलीचा भाचा सुट्टीत आला होता. हातातला कंट्रोलर टेबलावर ठेवला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "मामा, बघ ना, मी हात लावूक नाय तरी ह्यो चलता." पडद्यावरचा माणूस खरंच आपल्या आपण डावीकडे चालत होता, भिंतीला टेकून तिथेच पाय मारत होता. याला ड्रिफ्ट म्हणतात.

ज्यांच्या घरी जुना रेडिओ आहे त्यांना हे लगेच कळेल. आवाजाचं बटण फिरवलं की खर्रर्र होतं ना, तोच हा रोग. बटणाच्या आत कार्बनचा पातळ थर दिलेली पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची चिमुकली जीभ घासत जाते. जीभ पट्टीवर कुठे आहे त्यावरून विजेला होणारा विरोध बदलतो. यालाच पोटेन्शिओमीटर म्हणतात. कंट्रोलरवर अंगठ्याने ढकलायची जी दांडी असते तिच्याखाली असे दोन असतात, एक आडव्या हालचालीला, एक उभ्या. पोरं दिवसाला हजारो वेळा दांडी ढकलतात, कार्बन झिजतो, त्याची काळी पूड तिथेच पडते, वर आमची दमट हवा. मग दांडी मध्यावर असली तरी मशीनला वाटतं ती जराशी डावीकडे आहे. भाच्याच्या कंट्रोलरची दांडी उघडली तर पट्टीवर नखाच्या ओरखड्यासारखी पांढरट रेघ उमटली होती. ती बघायला भिंग लागलं. एवढीशी रेघ, आणि माणूस भिंतीला धडका देतोय.

हा रोग कुणा एकाच्या घरचा नाही. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डोचा स्विच, सगळ्यांच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये हीच घासणारी रचना. मार्च 2017 मध्ये आलेल्या स्विचचं नाव जास्त झालं, कारण त्याच्या जॉय-कॉन नावाच्या कंट्रोलरची दांडी फारच चपटी आणि नाजूक. 2020 च्या जूनमध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी झालेल्या त्रासाबद्दल माफीही मागितली.

माझा राग आहे तो पुढच्या गोष्टीवर. न घासणारी दांडी बनवता येते आणि कधीपासून येते. चुंबक जवळ आला की वाहत्या विजेच्या आडव्या दिशेला थोडा विद्युत दाब तयार होतो, हे एडविन हॉलने 1879 मध्ये दाखवलं. दांडीच्या बुडाला चुंबक, समोर हॉल सेन्सर, मधे नुसती हवा. काही घासतच नाही, तर झिजणार काय? सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट कन्सोलने 1998 साली आपल्या कंट्रोलरमध्ये हेच वापरलं होतं. आज बाहेरच्या लहान कंपन्या दीड-दोन हजारांच्या कंट्रोलरमध्ये देतात. आणि 5 जून 2025 ला आलेल्या स्विच 2 मध्ये? नाही. घासणारा भाग स्वस्त पडतो, हातात ओळखीचा वाटतो, वीज किंचित कमी खातो, हे सगळं मान्य. तरी वॉरंटी संपल्यावर झिजणारा भाग कंपनीला तितकासा बोचत नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

जुन्या कॅसेटबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या वयाचे लोक रागावतील. आमच्या पिढीचा पहिला कन्सोल म्हणजे निन्टेन्डोच्या 1983 च्या जपानी फॅमिकॉम कन्सोलची नक्कल, "9999 इन 1" लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटसकट. मोजले तर वेगळे गेम पंधरा-वीसच. कॅसेट चालली नाही की आपण काय करायचो? फुंकर. अख्ख्या महाराष्ट्राने कॅसेटी फुंकल्या. खुद्द निन्टेन्डोने फुंकू नका म्हणून सांगितलं होतं, पण ते आपल्यापर्यंत पोचलंच नाही. फुंकरीने काम व्हायचं असं वाटायचं, पण खरं काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने. पिना नव्या जागी टेकायच्या. फुंकरीबरोबर जायची ती तोंडातली ओल. तांब्याच्या पट्टीवर ओल आणि खारी हवा म्हणजे कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवण्यातली गत. अमेरिकेत 1985 साली आलेल्या एनईएसमध्ये, म्हणजे त्याच फॅमिकॉमच्या अमेरिकन रूपात, तर कॅसेट व्हीसीआरसारखी आत सरकवून खाली दाबायची होती. खेळण्यासारखं दिसू नये म्हणून ही सजावट. त्यामुळे आतल्या 72 पिना वाकायच्या, नकली कॅसेट अडवणाऱ्या कुलूपवाल्या चिपला कॅसेट ओळखता यायची नाही आणि ती दर सेकंदाला मशीन नव्याने सुरू करत बसायची. तो लुकलुकणारा लाल दिवा म्हणजे तीच. आमच्या नकली मशीनमध्ये कॅसेट सरळ वरून ठोकायची, म्हणून ती जास्त टिकली. नक्कल अस्सलापेक्षा सरस ठरल्याचं मला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण.

पहिला एक्सबॉक्स, 2001 चा, कुणाच्या माळ्यावर असेल तर लगेच काढा. त्यातल्या बहुतेक मशीनमध्ये घड्याळ चालू राहावं म्हणून एक छोटा कपॅसिटर आहे. तो वीज गेल्यावर फक्त काही तास वेळ सांभाळतो. आणि एवढ्याशा कामासाठी ठेवलेला तो भाग म्हातारपणी गळतो, त्याचं पाणी बोर्डावरच्या रेघा खातं. उपाय म्हणजे तो काढून टाकणं. मशीन त्याच्याशिवाय उत्तम चालतं, फक्त वायर काढली की तारीख विसरतं.

मी स्वतः काय करतो, असं लोक विचारतात. पावसाळ्यात प्रत्येक चालू मशीन दिवसाआड अर्धा तास तरी चालवतो, खेळायला कोणी नसलं तरी. जे चालत नाही ते झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. रंग बदलणारं जेल घेतो, म्हणजे ते पाण्याने भरलं की कळतं. मंद आचेवर तापवलं की पुन्हा कामाला लागतं. तांदळात ठेवू नका, तांदूळ ओल फार कमी ओढतो आणि त्याचा पिठूळ भुगा पंख्यात जातो. मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी, मशीन उघडून धूळ काढायची. हे ज्याला जमेल त्याने वर्षातून एकदाच करावं, पण ऑक्टोबरऐवजी मेमध्ये, मीठ कोरडं असताना. धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो गरगर फिरून उलटी वीज तयार करतो. पिना पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. खोडरबर जपून, सोन्याचा मुलामा पातळ असतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात ढग गडगडले की प्लग काढायचाच, आणि नुसता विजेचा नव्हे, केबल आणि इंटरनेटची वायरही.

हातात धरायच्या मशीनची एक गोष्ट राहिली. सेगाचा 1990 सालचा गेम गिअर सहा पेनसेल घ्यायचा आणि तीन ते पाच तासांत संपवायचा. त्याहून वाईट म्हणजे त्यातले बारीक कपॅसिटर वयानुसार गळतात, आवाज जातो, पडदा फिका पडतो. हे गळणं ओळखायची एक खूण दुरुस्तीवाले सांगतात: गरम सोल्डरिंग आयर्न टेकवलं की मासळीचा वास येतो. आमच्याकडे या खुणेचा उपयोग शून्य. परवा एका बिननावाच्या जुन्या टीव्ही-गेमच्या बोर्डावरचा कपॅसिटर काढत होतो. वास आला तसा मी खूश झालो, म्हटलं सापडला. तेवढ्यात खालून आईची हाक आली, "अरे, गॅस कमी कर, बांगडो करपलो!"